लॅप स्टीलचं ट्यूनिंग बदलायचंय? खुंटीला हात लावण्याआधीची कामं

लॅप स्टील, म्हणजे आपल्याकडे सर्रास जिला हवाईयन गिटार म्हणतात ती, वाजवायला घेतलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. नवं ट्यूनिंग लावायला गेलो आणि तार तुटली. तारा लागल्या, पण बार (तारांवर सरकवायची कांडी) ठेवला की खडखडतात. ट्यूनरवर सगळं हिरवं दिसतं, तरी कॉर्ड कणसूर वाटते. मायनर कॉर्ड काही केल्या सापडत नाही. बहुतेक वेळा चूक कामाच्या क्रमात असते. लोक आधी खुंट्या पिळतात, तार तुटली की तारांचा विचार करतात, आणि हे ट्यूनिंग आपल्याला कोणत्या गाण्यांसाठी हवं होतं, हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो.

म्हणून या लेखात आधी गाणी, मग ट्यूनिंग, मग वाद्याची तपासणी, मग तारा आणि त्यानंतरच खुंट्या. सगळं सहा तारांच्या वाद्यासाठी आहे. मोहनवीणेसारख्या, चिकारी आणि तरफा म्हणजे जोडीला झंकारणाऱ्या जादा तारा असलेल्या वाद्यांचं लावणं हा वेगळा विषय आहे, तो इथे घेतलेला नाही.

लिहिण्याची पद्धत आधी सांगतो. ट्यूनिंग लिहिताना मी सहाव्या म्हणजे सगळ्यात जाड तारेपासून सुरू करून पहिल्या, पातळ तारेवर संपवतो. सोबत सरगमही देतो, कारण 'डी ए डी एफ शार्प ए डी' पाठ करण्यापेक्षा 'सा प सा ग प सा' आपल्या कानाला लगेच कळतं. तारेचा नंबर म्हणजे इंचाचा हजारावा भाग: १३ नंबर म्हणजे ०.०१३ इंच जाडीची तार.

१. आधी गाण्यांची यादी करा

साध्या गिटारवर कॉर्ड बोटं बनवतात. इथे बोटांच्या जागी एक सरळ कांडी आहे. ती कुठेही ठेवा, तारांच्या स्वरांमधलं आपापसातलं अंतर तेच राहतं. त्यामुळे मोकळ्या तारांमध्ये जे आहे तेच तुम्हाला वर-खाली सरकवता येणार, आणि जे नाही ते बार तिरका धरून किंवा काही तारा वगळून मिळवावं लागणार. ट्यूनिंग निवडताना खरं तर तुम्ही कॉर्डच निवडत असता.

येत्या काही महिन्यांत खरोखर वाजवणार आहात अशी आठ-दहा गाणी कागदावर लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी टाका:

गायकाचा सा कुठला. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन म्हणजे डी, पांढरी चार म्हणजे एफ, काळी चार म्हणजे जी शार्प, काळी पाच म्हणजे ए शार्प. साथ करताना पट्टी याच भाषेत सांगितली जाते, म्हणून हे तोंडपाठ हवं.

गंधार शुद्ध की कोमल. यमन किंवा भूपाच्या अंगाचं भावगीत असेल तर शुद्ध. भीमपलास, भैरवी, मालकंस असेल तर कोमल.

कॉर्ड किती आणि किती भरभर बदलतात. तानपुऱ्यावर चालणारा अभंग आणि ऑर्केस्ट्रातलं सिनेमाचं गाणं यांच्या गरजा अगदी वेगळ्या असतात.

तपासा: यादीतली निम्म्याहून जास्त गाणी एका प्रकारची निघाली तर ट्यूनिंगचा निर्णय जवळजवळ झालाच. यादी अगदीच विखुरलेली असेल, तर सगळ्यांसाठी एक ट्यूनिंग शोधत बसू नका. मोठा गट निवडा आणि बाकीची गाणी सध्या बाजूला ठेवा.

२. ट्यूनिंग निवडा, आणि एकच निवडा

इंटरनेटवर शेकडो ट्यूनिंग्ज सापडतील. सुरुवातीला पुढच्या चारांपलीकडे जायची गरज नाही.

*डी मेजर: डी ए डी एफ शार्प ए डी (सा प सा ग प सा).* मराठी गाणी, अभंग, नाट्यपदं वाजवायची असतील तर माझा कौल यालाच. खर्जात सा आणि प, मधोमध गंधार, वर पुन्हा सा. गाण्याचा सा डी असेल तर मोकळ्या तारा तानपुऱ्यासारख्या खाली चालू ठेवता येतात आणि पहिल्या तारेवर मींड मनासारखी घेता येते. बार पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या रेघा) ठेवला की जी, सातव्यावर ए, बाराव्यावर पुन्हा डी, म्हणजे तीन मुख्य मेजर कॉर्ड एका हालचालीत मिळतात. ई मेजरचं ट्यूनिंग हीच रचना दोन सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे एका फ्रेटचं अंतर) वर नेतं. इलेक्ट्रिक स्टीलवर ते चालेल, पण लाकडी पोकळ गिटारवर डीच ठेवा. साध्या गिटारच्या नेहमीच्या ट्यूनिंगवरून (ई ए डी जी बी ई) डीकडे जाताना एकही तार चढवावी लागत नाही. ईकडे जाताना मात्र पाचवी आणि चौथी तार दोन-दोन सेमीटोन आणि तिसरी एक सेमीटोन चढते, आणि तो सगळा ताण गिटारच्या पुढच्या फळीवर आणि ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या पट्टीवर, येतो.

*सी सिक्स: सी ई जी ए सी ई (सा ग प ध सा ग).* ऑर्केस्ट्रा, जुनी हिंदी-मराठी चित्रपटगीतं, भरभर बदलणारे कॉर्ड यांच्यासाठी. नुसतं सरगम वाचलं तरी लक्षात येईल की भूपातला एक रिषभ सोडला तर बाकीचे स्वर मोकळ्या तारांवरच आहेत. याचा खरा उपयोग कॉर्डसाठी होतो. खालच्या तीन तारा (सहावी, पाचवी, चौथी) मेजर कॉर्ड देतात आणि वरच्या तीन (तिसरी, दुसरी, पहिली) मायनर. मोकळ्या तारांवर खाली सी मेजर आणि वर ए मायनर. पाचव्या फ्रेटवर एफ मेजर आणि डी मायनर, सातव्यावर जी मेजर आणि ई मायनर. सी मेजरच्या गाण्यातले नेहमीचे सहा कॉर्ड अशा तीन जागांवर बसतात, बार तिरका न करता. यातली अडचण अशी की सहाही तारा एकदम छेडल्या तर सिक्स्थ कॉर्डचा तो खास हवाईयन रंग येतो आणि गंभीर अभंगात तो अजिबात शोभत नाही. नको त्या तारा हाताने दाबून ठेवायची सवय लागेपर्यंत हे ट्यूनिंग जड जातं.

*जी मेजर, डोब्रोचं: जी बी डी जी बी डी (सा ग प सा ग प).* ब्लूग्रास किंवा कंट्री वाजवायचं असेल, डोब्रो म्हणजे पोटात धातूचा कोन बसवलेली रेझोनेटर गिटार असेल, तर हेच घ्या. त्या शैलीचं बहुतेक शिकवण्याचं साहित्य याच ट्यूनिंगमध्ये आहे.

*जी मेजर, खाली उतरवलेलं: डी जी डी जी बी डी (प सा प सा ग प).* साध्या सेटवर सहज लागतं, सगळ्या बदललेल्या तारा खालीच येतात. वाद्य हातात बसतंय का, एवढं बघायला उत्तम.

आता कोमल गंधाराचं काय करायचं? इथे बहुतेक जण अडखळतात. डी मेजरच्या तिसऱ्या तारेवर शुद्ध गंधार आहे. तुम्ही भीमपलास वाजवत असाल आणि ती तार मोकळी वाजली की राग तिथेच मोडला. उपाय सोपा आहे: ती एक तार एफ शार्पवरून एफवर उतरवा, सा प सा कोमल ग प सा झालं. गंधार नकोच असेल तर तीच तार जीवर चढवा, तिथे मध्यम आला.

मालकंसाचं उदाहरण नीट बघा, कारण तिथे दोन अडचणी एकत्र येतात. गंधार कोमल आहे आणि पंचम वर्ज्य आहे. म्हणजे तिसरी तार तर चुकीची आहेच, पण दुसरी आणि पाचवीसुद्धा, कारण त्या पंचमावर आहेत. तिसरी एफ शार्पवरून जीवर एक सेमीटोन चढवा. दुसरी आणि पाचवी एवरून जीवर दोन सेमीटोन उतरवा. मिळालं डी जी डी जी जी डी, म्हणजे सा म सा म म सा. तीनच खुंट्या फिरल्या आणि आता चुकून कुठलीही मोकळी तार वाजली तरी राग बिघडत नाही. दुसऱ्या रागांसाठीही अशीच रीत: रागात नसलेला स्वर कोणत्या मोकळ्या तारेवर पडतो ते शोधा आणि तेवढीच तार जवळच्या चालणाऱ्या स्वरावर न्या.

सावधान: दर आठवड्याला ट्यूनिंग बदलू नका. फ्रेटच्या रेघा त्याच राहिल्या तरी त्यांच्यावरचे स्वर बदलतात आणि हाताला बसलेलं सगळं पुसलं जातं. एका मूळ ट्यूनिंगवर ठाम राहा. वर दाखवले तसे एक-दोन तारांचे फेरफार त्याच ट्यूनिंगचे भाग म्हणून शिका.

३. वाद्य काय झेपवेल ते बघा

फूटपट्टी घ्या. नटपासून (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटच्या रेघेपर्यंतचं अंतर मोजा आणि दुप्पट करा, ही तुमच्या वाद्याची स्केल लांबी. इलेक्ट्रिक लॅप स्टील बऱ्याचदा २२.५ इंचांच्या आसपास असते, साधी अकूस्टिक गिटार २५ ते २५.५ इंचांची. हा आकडा लिहून ठेवा, पुढच्या टप्प्यात लागेल.

साधी गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवत असाल तर नटवर बसणारा उंचवटा, ज्याला एक्स्टेन्शन नट म्हणतात, तो आहे का बघा. तारा फ्रेटपासून साधारण ८ ते १० मिलिमीटर वर हव्यात. त्या खाली असतील तर बार ठेवल्यावर फ्रेटला घासणारच. उंच नट बसवलेल्या गिटारवर नेहमीचा कॅपो (मानेवर लावून सगळ्या तारा दाबणारा चिमटा) चालत नाही, हेही आत्ताच लक्षात घ्या. पट्टी बदलायचा तो सोपा मार्ग इथे बंद आहे.

खुंट्या एकेक करून थोड्या फिरवून बघा. एखादी आधी मोकळी फिरून मग झटका देत असेल, तर ती अचूक लागणार नाही. बऱ्याचदा फक्त स्क्रू ढिला असतो. नटच्या खाचेत तार अडकून 'टक' असा आवाज येत असेल तर खाचेत मऊ पेन्सिलीची पूड घासा.

पुढची फळी ब्रिजपाशी फुगलेली दिसली, किंवा ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद शिरत असेल, तर थांबा. अशा गिटारवर जाड तारा चढवू नका, आधी दुरुस्ती करून घ्या.

४. तारांचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

तारेचा ताण स्वराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तार एक सेमीटोन चढवली की ताण सुमारे १२ टक्के वाढतो, दोन सेमीटोन चढवली की सुमारे २६ टक्के, तीन चढवली की ४१ टक्के. साध्या गिटारच्या सेटवर डोब्रोचं जी लावायला गेलात तर सहावी तार ईवरून जीवर, म्हणजे तीन सेमीटोन वर, आणि पाचवी एवरून बीवर, दोन सेमीटोन वर जाते. पहिली मात्र ईवरून डीवर खाली येते. परिणामी जाड तारा गिटार ओढून धरतात आणि पहिली ढिली पडते. हे ट्यूनिंग त्याच्यासाठी बनवलेल्या सेटवरच लावा. सी सिक्सचं तर विचारूच नका: त्यात सहावी तार आठ सेमीटोन वर जायला हवी, म्हणजे ताण अडीच पट. साध्या सेटवर ते लागतच नाही.

उलट बाजूने, डी मेजरसाठी साध्या सेटची पहिली, दुसरी आणि सहावी तार दोन सेमीटोन खाली येते आणि ताण सुमारे २० टक्क्यांनी कमी होतो. तार तुटत नाही, पण बारच्या वजनाने दबते. तीच ती खडखड, आणि आसही, म्हणजे स्वराचं रेंगाळणंही, कमी मिळते.

जाडी ठरवायला हा ठोकताळा पुरतो: स्वर एक सेमीटोन खाली नेलात आणि ताण तेवढाच ठेवायचा असेल, तर तार सुमारे ६ टक्के जाड घ्या. दोन सेमीटोनला १२ टक्के. म्हणजे ईवर १३ नंबर छान वाटत असेल तर डीवर १५. स्केल लांबीलाही हाच हिशेब लागू पडतो. २२.५ इंचांची स्टील २५.५ इंचांच्या गिटारपेक्षा इतकी आखूड आहे की त्याच स्वराला त्याच तारेवर ताण सुमारे २२ टक्के कमी पडतो. म्हणून आखूड स्टीलला दोन सेमीटोनच्या हिशेबाने जाड तारा लागतात. इलेक्ट्रिक गिटारचा १० नंबरचा सेट लॅप स्टीलवर चढवून 'आवाज पातळ येतो' म्हणणाऱ्यांचं इथेच बिनसतं.

२२.५ इंचांच्या इलेक्ट्रिक स्टीलसाठी मी पहिलीपासून सहावीपर्यंत असे नंबर सुचवतो:

डी मेजर: १६, २०, २६, ३६, ४६, ५६ (सहावी फार ढिली वाटली तर ६०).

सी सिक्स: १५, १८, २२, २६, ३०, ३८.

दोन्हींत पहिल्या तीन तारांचा नीट विचार करा. सी सिक्सची तिसरी तार, २२ नंबर, साधी घ्या, गुंडाळलेली (वरून दुसऱ्या तारेचे वेढे असलेली) नको. डी मेजरमधली २६ मात्र गुंडाळलेली. २५.५ इंचांच्या अकूस्टिकवर डी मेजर लावायचं तर नेहमीचा १३ ते ५६ चा अकूस्टिक सेट पुरेसा आहे. डीवर उतरवल्यावर त्याचा ताण साध्या ट्यूनिंगमधल्या १२ नंबरच्या सेटच्या जवळपास येतो, त्यामुळे गिटारलाही त्रास नाही.

आता एक गैरसमज. तार सारखी तुटते म्हणून लोक पातळ तार लावतात. पातळ तारेने गिटारवरचा भार कमी होतो हे खरं, पण साधी पोलादी तार किती वरच्या स्वराला तुटेल हे मुख्यतः तिची लांबी आणि स्वर ठरवतात, जाडीने त्यात फार फरक पडत नाही. २५.५ इंचांवर पहिली तार ईच्या वर जीपर्यंत नेली की ती धोक्याच्या जवळ असते, मग ती ९ नंबरची असो की १३ ची. आखूड स्टीलवर तोच जी सुखाने लागतो. तार ठरलेल्या स्वराच्या आतच तुटत असेल तर नटची खाच, खुंटीचं भोक आणि ब्रिजवरची धार तपासा. तार कुठे तुटली त्या टोकाकडे बघितलं की दोष कुठे आहे ते कळतं.

पुण्यात बुधवार पेठ, लक्ष्मी रोड, कॅम्प या भागांतल्या वाद्यांच्या दुकानांत साध्या गिटारचे सेट सहज मिळतात. लॅप स्टीलसाठीचे खास सेट मात्र बऱ्याचदा मागवावे लागतात. तोवर सुट्या तारा किंवा दोन वेगवेगळ्या सेटमधल्या तारा एकत्र करून काम भागवता येतं. १२ नंबरच्या अकूस्टिक सेटमधली दुसरी तार बहुधा १६ ची असते, ती स्टीलवर पहिली म्हणून थेट वापरता येते. दुकानात जाताना नंबर चिठ्ठीवर लिहून न्या. 'हवाईयन गिटारच्या तारा द्या' एवढंच म्हणालात तर साधाच सेट हातात पडायची शक्यता जास्त.

सावधान: ब्राँझच्या गुंडाळलेल्या तारा चुंबकीय पिकअपवर क्षीण वाजतात. इलेक्ट्रिक स्टीलला निकेल किंवा स्टीलच्याच तारा घ्या. साध्या पातळ तारा दोन्हीकडे चालतात.

५. तारा चढवणं आणि खुंट्यांचा क्रम

सगळ्या तारा एकदम काढू नका. एक काढा, एक लावा. रेझोनेटर गिटारवर तर हे सक्तीचं समजा, कारण ताण पूर्ण गेला की आतला कोन आणि त्यावरचं सॅडल जागचं हलू शकतं. पातळ तारांना खुंटीवर दोन-तीन वेढे पुरे. वेढे वरून खाली, एकावर एक न चढवता.

नव्या तारा आधी ठरलेल्या स्वराच्या बऱ्याच खाली ठेवा. सहाही चढल्या की मग वर न्या. प्रत्येक तार मधोमध बोटाने हळूच उचलून ताणा, उतरलेला स्वर पुन्हा लावा, असं तार स्थिर होईपर्यंत करा. चढवताना तोंड वाद्यावर वाकवू नका. चष्मा असेल तर घाला.

आधीच्या ट्यूनिंगवरून नव्यावर जाताना ज्या तारा उतरायच्या आहेत त्या आधी उतरवा, मग बाकीच्या चढवा. पोकळ गिटारवर एक तार चढली की फळी आणि मान किंचित वाकते आणि बाकीच्या तारा उतरतात, म्हणून एक फेरी कधीच पुरत नाही. पहिली फेरी ढोबळ, दुसरी नेमकी, तिसरी फक्त खात्री करायला.

आणि नेहमी खालून वर या. एफ शार्पवरून एफ हवा असेल तर आधी एफच्याही थोडं खाली जा आणि मग चढवत एफवर थांबा. वरून उतरवत थांबलात तर खुंटीच्या दात्यात आणि नटच्या खाचेत ढिलाई उरते आणि पहिल्याच जोरकस आघाताला तार आणखी उतरते.

तपासा: दहा मिनिटं वाद्य तसंच ठेवा. परत आल्यावर एखादीच तार उतरलेली असेल तर तिचे वेढे किंवा खाच बघा. सगळ्या सारख्याच उतरल्या असतील तर काळजी नको, पुन्हा लावा.

६. गंधार ट्यूनरवर सोडू नका

ट्यूनरचा गंधार आणि मेळातला गंधार एक नाहीत. ट्यूनर, कीबोर्ड, हार्मोनियम यांचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, आणि एका सेमीटोनचे १०० सेंट होतात. साध्या गिटारवर हे खपून जातं. लॅप स्टीलवर आस लांब असते आणि पूर्ण कॉर्ड मोकळी घुमते, त्यामुळे हा फरक उघडा पडतो. चौथी आणि तिसरी तार ट्यूनरने तंतोतंत लावून एकत्र छेडा: सेकंदाला साधारण सहा वेळा थरथरणारी लहर ऐकू येईल. ती थरथर म्हणजेच तो चढा गंधार.

डी मेजरमध्ये तो असा उतरवा. चौथ्या तारेवर, चौथ्या फ्रेटच्या रेघेच्या किंचित अलीकडे, म्हणजे नटच्या बाजूला, बोट फक्त टेकवा आणि छेडून लगेच उचला. बारीक, घंटेसारखा स्वर निघतो, तो त्या तारेतला नैसर्गिक गंधार. चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हाच. आता तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटच्या रेघेवर तसंच बोट टेकवून छेडा. दोन्ही स्वर एकाच उंचीचे असायला हवेत. तिसरी तार थोडी उतरवून खालून वर आणत जा. लहर मंदावत मंदावत थांबली की गंधार लागला. मोकळी कॉर्ड एकदा छेडून बघा, सहा तारा मिळून एकच आवाज आल्यासारखं वाटेल.

बाकीच्या तारांसाठीही असेच हार्मोनिक वापरा. चौथ्या तारेचा सातव्या फ्रेटवरचा हार्मोनिक दुसऱ्या तारेच्या बाराव्या फ्रेटवरच्या हार्मोनिकशी मिळायला हवा, हा पंचम. पाचव्या तारेचा बाराव्यावरचा हार्मोनिक मोकळ्या दुसऱ्या तारेशी. चौथ्याचा बाराव्यावरचा मोकळ्या पहिल्याशी, आणि सहाव्याचा पाचव्यावरचाही पहिल्याशीच. म्हणजे ट्यूनर फक्त चौथ्या तारेपुरता लागतो. फोनवर तानपुऱ्याचं ॲप पांढरी दोनला लावून ठेवलंत तर कान आणखी लवकर स्थिरावतो.

सी सिक्समध्ये गंधाराच्या दोन तारा सुमारे १४ सेंट आणि धैवताची सुमारे १६ सेंट उतरवा. तिन्ही उतरवा. फक्त गंधार उतरवून धैवत ट्यूनरवर ठेवलात तर वरची मायनर कॉर्ड फाटते.

सावधान: हार्मोनियम किंवा कीबोर्डबरोबर वाजवायचं असेल तेव्हा पूर्ण १४ सेंट उतरवू नका. ६-७ सेंटवर थांबा, म्हणजे तुमचा कॉर्डही गोड राहतो आणि त्यांच्या गंधाराशी टक्करही होत नाही. नुसता तबला आणि तानपुरा असेल तर बिनधास्त नैसर्गिक गंधार ठेवा.

७. बार ठेवून बघा

आता बार बाराव्या रेघेच्या अगदी वर ठेवा. रेघेच्या मागे नाही, बरोबर वर. मान वाकवून सरळ वरून बघा, बसल्या जागेवरून तिरकं बघितलंत तर बार रेघेवर दिसतो आणि असतो पुढे-मागे. बाराव्याचा हार्मोनिक आणि बारखालचा स्वर एकच आहे का ऐका. बार दाबू नका, त्याचं स्वतःचं वजन पुरतं. दाबल्याशिवाय स्वच्छ आवाज येत नसेल तर तारा ढिल्या आहेत, चौथ्या टप्प्यावर परत जा. बारच्या मागची बोटं तारांवर हलकी टेकलेली असू द्या, नाहीतर बार आणि नट यांच्या मधला भागही बोलू लागतो.

मग मूळ ट्यूनिंगचा नकाशा हातात बसवा: ०, ५, ७, १२ या जागांवरच्या कॉर्ड डोळे मिटून सापडेपर्यंत. डी मेजरमध्ये मायनर कॉर्ड हवी असेल तर पूर्ण कॉर्ड शोधत बसू नका. मोकळी तिसरी आणि पहिली तार, एफ शार्प आणि डी, एवढ्याच छेडा. बासने खाली बी दिला की कान बी मायनर ऐकतो. पाचव्या फ्रेटवर याच दोन तारा ई मायनर देतात, सातव्यावर एफ शार्प मायनर. साथीला एवढं भरपूर आहे. बार तिरका धरण्याचं तंत्र नंतर शिका, आणि वरच्या फ्रेटवर सुरू करा. तिथे रेघा जवळ असतात, त्यामुळे तिरपा कोन कमी लागतो.

गायकाची पट्टी काळी एक असेल तर सगळं वाद्य एक सेमीटोन उतरवा, म्हणजे मोकळ्या तारांचा आधार टिकतो. काळी दोन असेल आणि तारा आधीच घट्ट असतील तर चढवण्याच्या फंदात पडू नका, पहिल्या फ्रेटला सा धरून वाजवा आणि मोकळ्या तारा टाळा. पांढरी पाच असेल तर सा पाचव्या फ्रेटवर येतो आणि मोकळा डी पंचम होऊन हाताशी राहतो.

८. कार्यक्रमाच्या दिवशी

गाण्यांचा क्रम आयोजकांशी बोलून असा लावा की कोमल गंधाराची गाणी एकत्र येतील. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदन सुरू असताना एक खुंटी फिरवणं सहज जमतं, तीन खुंट्या आणि त्यांची खात्री होत नाही. मालकंसासारखा मोठा बदल मध्यंतरानंतर ठेवा किंवा दुसरं वाद्य लावून ठेवा. फिरवायच्या तारेचा बदल घरी तालमीतच इतक्या वेळा करा की खुंटीचा किती फेरा लागतो ते बोटांना माहीत असेल.

पुण्याच्या हवेचा हिशेब धरावाच लागतो. पोलादी तार तापली की उतरते, गार झाली की चढते. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात अंधारात, गारठ्यात वाद्य लावलं जातं आणि ऊन वर आलं की तेच उतरलेलं असतं. कोजागिरीला रात्री गच्चीवर बरोबर उलटं होतं. म्हणून उघड्यावर वाजवायचं असेल तर वाद्य खोक्यातून काढून निदान अर्धा तास तिथल्या हवेत ठेवा आणि मगच लावा. मंचावर प्रखर दिवे असतील तर ते लागल्यानंतर पुन्हा एकदा लावा. गणेशोत्सवाच्या दिवसांत हवा दमट असते, लाकडी गिटारची फळी फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. तेव्हा आदल्या दिवशीचं लावणं ग्राह्य धरू नका. एप्रिल-मेमध्ये दुचाकीच्या पायाशी उन्हात उभी ठेवलेली गिटार तर ब्रिजच्या डिंकालाच सुटी देते.

वाजवून झालं की तारा कोरड्या सुती कापडाने पुसा, खालच्या बाजूनेही. पावसाळ्यात हे एक दिवस राहिलं तरी पातळ तारांवर गंज धरतो, आणि गंजलेल्या तारेवर बार खरखरतो. चढवलेल्या तारा झोपण्यापूर्वी मूळ ट्यूनिंगवर आणून ठेवा, आणि खोक्याच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवा: ट्यूनिंग, सहाही तारांचे नंबर आणि तारा बदलल्याची तारीख.